यजमान शहर सातारा : वाळवणाचा डबा आणि संध्याकाळचे ताट

अधिवेशनासाठी येणाऱ्या पाहुण्यांना साताऱ्याची ओळख करून द्यायची, तर सुरुवात अजिंक्यताऱ्यापासून करण्याचा रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. या गडाच्या पायथ्याशी शहर वसले. 1708 साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे झाला आणि मराठ्यांची गादी साताऱ्यात स्थिरावली. कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम माहुलीला, शहराच्या वेशीवरच होतो. कासचे पठार जवळच आहे आणि कंदी पेढ्याचे नाव तर पाहुणे येतानाच बरोबर घेऊन येतात. हे सगळे पाहून झाले, की साताऱ्याच्या एखाद्या घरात संध्याकाळी सातच्या सुमारास डोकवावे, असे या लेखाचे सांगणे आहे. कामावरची माणसे नुकतीच परतलेली असतात, भाजीच्या टोपलीत दोन कांद्यांपलीकडे काही नसते, आणि तरीही अर्ध्या-पाऊण तासात ताटात वाफाळती आमटी आणि भाकरी पडते. त्याचे कारण फडताळातल्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात असते. त्या डब्यात सांडगे असतात. परदेशातल्या मराठी घरांत, आणि आता पुण्या-मुंबईतही, आठवड्याच्या मधल्या दिवशी फ्रोझन मीटबॉलचे पाकीट जे काम करते, तेच काम हा डबा इथे पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. झटपट जेवणाला आपण आळसाचे लक्षण समजतो. साताऱ्याचे स्वयंपाकघर सांगते, की झटपट जेवण म्हणजे आधीच करून ठेवलेले काम.

सांडगा कसा होतो ते पाहिले, की हे पटते. मटकीची आणि हरभऱ्याची डाळ रात्री भिजत घालायची, सकाळी निथळून जाडसर वाटायची. वाटतानाच लसूण, मिरची, जिरे आणि मीठ पडते. कुणी हिंग-कोथिंबीर घालते, कुणी मुगाची किंवा उडदाची डाळ मिसळते. पीठ सैल झाले, की सांडगा पसरतो, म्हणून पाणी जपून. मग गच्चीवर किंवा अंगणात स्वच्छ कापड अंथरून बोटांच्या चिमटीने बोराएवढे सांडगे तोडायचे, एकमेकांना चिकटणार नाहीत असे. उन्हाळ्याचे कडक ऊन असेल, तर तीन-चार दिवसांत ते आतपर्यंत वाळतात. वाळल्याची खूण कानाला कळते: मूठभर सांडगे ताटात टाकले, की खड्यांसारखा खणखणीत आवाज येतो. आवाज बोदा आला, तर अजून एक ऊन द्यायचे. पुढचे काम संध्याकाळचे. पळीभर तेलात सांडगे तांबूस होईपर्यंत परतायचे, त्याच तेलात कांदा, त्यावर भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण आणि सातारा-सांगलीकडचा कांदा-लसूण मसाला, मग आधण आलेले पाणी. दहा-पंधरा मिनिटे उकळी आली, की टणक सांडगा रस्सा पिऊन मऊ होतो, पण फुटत नाही. चिरणे, वाटणे, भिजवणे, मसाला मुरवणे ही वेळखाऊ कामे एप्रिल-मे महिन्यांतच झालेली असतात. जुलैतल्या बुधवारी उरते ते फक्त परतणे आणि उकळणे.

ही सवय साताऱ्यात इतकी खोल का रुजली, याचे उत्तर जिल्ह्याच्या नकाशात आहे. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर माण तालुका आहे आणि तिथे तो पाचशेच्या आसपास पडला तरी शेतकरी समाधान मानतो. जावळी आणि पाटणच्या डोंगरातल्या घरांना पावसाळ्याचे चार महिने बाहेर पडणे कठीण, म्हणून पापड, सुकट आणि बोंबील आधीच भरून ठेवावे लागत. माण-खटावच्या घरांना ओली भाजी वर्षातले कितीतरी दिवस मिळत नसे, म्हणून डाळी, सांडगे, कुरडया. एकीकडे पाणी जास्त, दुसरीकडे कमी. कारणे उलटी, उपाय मात्र एकच. सातारा शहर या दोहोंच्या मधोमध आहे आणि त्याच्या बाजारात दोन्हीकडचे वाळवण येते. इतिहासही याला साक्ष देतो. डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला वेढा घातला आणि गड एप्रिल 1700 पर्यंत लढला. एवढे महिने गड लढवायचा, तर तोफा आणि तटाइतकाच आतला दाणागोटा मोलाचा असतो. घराचेही तसेच आहे. ज्या घरात साठा आहे, त्या घराला अडचणीची संध्याकाळ जड जात नाही.

आता मीटबॉलकडे पाहू. गोठवणे आणि वाळवणे या दोन रीती दिसायला वेगळ्या आहेत, पण त्यांचे तत्त्व एक आहे. अन्न खराब करणाऱ्या जंतूंना वाढण्यासाठी पाणी लागते. वाळवण ते पाणी उन्हात उडवून लावते; फ्रीझर उणे 18 अंशांवर त्याचा बर्फ करून ठेवतो. दोन्हीकडे जंतू मरतातच असे नाही, त्यांची वाढ थांबते. म्हणूनच सांडग्याच्या डब्यात ओला चमचा जाऊ देत नाहीत, आणि एकदा वितळलेला खिमा कच्चाच पुन्हा गोठवत नाहीत. ज्या घरात मांसाहार चालतो तिथे सांडग्याची रीत खिम्याला जशीच्या तशी लागू पडते. रविवारी खिम्यात आले-लसूण, मिरची, कोथिंबीर आणि थोडे भाजलेले डाळीचे पीठ मळून लिंबाएवढे गोळे वळायचे आणि वाफवून घ्यायचे. गार झाल्यावर ताटात सुटे मांडून गोठवायचे, मगच पिशवीत भरायचे, म्हणजे बुधवारी हवे तेवढेच काढता येतात. सांडगे तोडताना अंतर ठेवतात त्याचेही कारण हेच. हे गोळे वितळवत बसावे लागत नाहीत. उकळत्या रश्श्यात तसेच सोडून झाकण ठेवायचे आणि गोळा मधोमध कडकडीत तापेपर्यंत शिजवायचा. विकतचे पाकीट असेल, तरी कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा आपलाच असतो आणि जेवणाची चव तिथेच ठरते.

यावर पहिला आक्षेप येईल तो ताजेपणाचा. आपल्याकडे ताजे ते चांगले, शिळे ते वाईट, असा संस्कार आहे आणि तो उष्ण हवेच्या प्रदेशात शहाणपणाचाच आहे. पण शिळे आणि टिकवलेले यांत फरक आहे. शिळे म्हणजे राहून गेलेले अन्न. टिकवलेले म्हणजे ठरवून राखलेले. लोणचे, पापड, मेतकूट, भाजणी यांना आपण कधी शिळे म्हणत नाही. मांस टिकवणेही महाराष्ट्राला परके नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील दलित घरांच्या स्वयंपाकाची नोंद केली आहे. मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्याही त्याच स्वयंपाकातल्या. ज्यांना मांस रोज मिळत नव्हते, त्यांनी ते राखायला शिकून घेतले. या ज्ञानाला स्वयंपाकाच्या इतिहासात मानाची जागा मिळायला हवी होती आणि ती फार उशिरा मिळू लागली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाळवणाचे गोडवे गाताना ते कुणी केले हे विसरले जाते. भर उन्हात गच्चीवर बसून सांडगे तोडणाऱ्या बायकांच्या पाठीवर ही सोय उभी होती. मग तिचे कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर वाळवण बंद करण्यात नाही, काम वाटून घेण्यात आहे. त्याचा धडाही साताऱ्यातच सापडतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाकासकट घरची कामे हाताने करत. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, हे या शहराने विसरता कामा नये. मुलग्यांनी भाकरी थापण्यात कमीपणा नाही, हे साताऱ्याने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. आज बचत गटांच्या बायका सांडगे विकतात. तेच काम घरात बिनमोल होते, इथे त्याचे पैसे मिळतात. ते विकत घेताना घासाघीस करू नये.

तिसरा आक्षेप पोषणाचा. सांडगा म्हणजे डाळ, मीटबॉल म्हणजे मांस. बरोबरी कशी होईल? पूर्ण बरोबरी होत नाही, हे मान्यच करावे. कोरड्या मटकीत शंभर ग्रॅममागे तेवीसेक ग्रॅम प्रथिने असतात, पण एका ताटात कोरडे सांडगे तीसच ग्रॅमच्या आसपास पडतात, आणि मांसातले ब-12 जीवनसत्त्व डाळीत नसते. उलट डाळीत चोथा असतो, तो मांसात नाही. बाजारच्या पाकिटात मीठ आणि चरबी किती हे वेष्टनावर वाचावे लागते. घरच्या सांडग्यात ते आपल्या हातात असते. सांडग्यासोबत ज्वारीची भाकरी, वाटीभर दही आणि शेंगदाण्याची चटणी घेतली, की ताट बरेचसे भरून निघते. एका पदार्थाने सगळे भागवावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. निर्णय संपूर्ण ताट पाहून करावा.

म्हणून पाहुण्यांना विनंती, की परतताना पेढ्यांच्या पुड्याशेजारी पावशेर सांडगे ठेवावेत. त्यांना बर्फ लागत नाही, प्रवासात ते सांडत नाहीत, वजनाला हलके असतात. घरी पोहोचल्यावर ते कौतुकाने कपाटात जपून ठेवू नयेत. अधिवेशनाचा शीण अजून अंगात असेल, कामाचे दिवस पुन्हा सुरू झालेले असतील, आणि एखाद्या संध्याकाळी भाजी आणायचे राहून जाईल. त्या दिवशी डबा उघडावा, तेल तापवावे आणि मूठभर सांडगे परतायला घ्यावेत. त्या वासात इथल्या गच्चीवरचे ऊन असेल आणि ते तोडणाऱ्या हातांचे श्रमही. तुमची ती संध्याकाळ सोपी व्हावी म्हणून साताऱ्यात कुणीतरी उन्हाळ्यातच काम करून ठेवलेले आहे.