उंच शिखरांसाठी शरीराची तयारी

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचा माथा गाठला. राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ या उपक्रमाचे ते फलित होते. त्यापूर्वी १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण यांनी आणि २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या गिर्यारोहकांनी हे शिखर सर केले होते. अशा यशामुळे गावोगावच्या तरुणांत हिमालयाची ओढ निर्माण होणे स्वाभाविक आहे. तथापि, या ओढीला शास्त्रशुद्ध तयारीची जोड नसेल, तर ती जिवावर बेतू शकते.

उंचीवर काय घडते?

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. उंचीबरोबर कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू घटतो. सुमारे ५,३०० मीटरांवरील एव्हरेस्टच्या दक्षिण तळछावणीत हा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, तर ८,८४८ मीटरांवरील माथ्यावर एक तृतीयांश असतो. आपल्या राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. तेथे दम लागतो तो चढणीमुळे, विरळ हवेमुळे नव्हे. म्हणून सह्याद्रीत पाय आणि छाती कणखर करता येतात, पण विरळ हवेची सवय मात्र हिमालयातच लागते.

सहा महिन्यांचा क्रम

तयारीस किमान सहा महिने द्यावेत. पहिले दोन महिने आठवड्यातून चार-पाच दिवस पाऊण ते एक तास भरभर चालणे किंवा संथ धावणे पुरेसे आहे. वेग असा असावा की, सोबत्याशी बोलता आले पाहिजे. सुरुवातीसच धापा टाकीत धावल्याने दमसास वाढत नाही. दुखापती मात्र वाढतात. जोर, बैठका आणि पायऱ्या चढणे यांचा व्यायाम आठवड्यातून दोनदा करावा.

तिसऱ्या महिन्यापासून पाठीवर ओझे घ्यावे. प्रारंभी पाच-सहा किलो, नंतर हळूहळू पंधरा किलोपर्यंत. आठवड्यातून एक दिवस गडावर किंवा डोंगरावर सहा ते आठ तासांची चाल करावी. ओझ्यासाठी पाण्याचे कॅन न्यावेत व माथ्यावर पाणी ओतून द्यावे. उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो. तो त्यामुळे वाचतो. रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजून नोंद ठेवावी. ती नेहमीपेक्षा दहा ठोक्यांनी वाढलेली आढळल्यास त्या दिवशी विश्रांती घ्यावी. शेवटचे दोन आठवडे श्रम कमी करावेत.

आहार साधाच असावा: भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, दूध व शक्य असल्यास अंडी. विरळ हवेत प्राणवायू वाहून नेण्याचे काम रक्ताचे असल्याने हिमोग्लोबिनची तपासणी आधीच करून घ्यावी. विदर्भ व खानदेशच्या आदिवासी भागांत सिकलसेलची तपासणी अत्यावश्यक समजावी. हा विकार असणाऱ्यास उंची घातक ठरते, आणि केवळ वाहक असणाऱ्यासही प्लीहेला इजा होण्याचा धोका संभवतो.

बलवानासही सूट नाही

धडधाकट माणसाला उंचीचा त्रास होत नाही, ही समजूत चुकीची आहे. उलट, बलवान तरुण भरभर चढतो आणि शरीराला जुळवून घेण्यास अवधीच देत नाही. ३,००० मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरांपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा उंच चढून रात्री खाली येऊन झोपणे, ही गिर्यारोहकांची जुनी रीत याच कारणासाठी आहे.

डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश ही पहिली लक्षणे होत. ती असताना आणखी वर जाऊ नये. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे, ही फुप्फुसात किंवा मेंदूत सूज आल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णास सोबतीने ताबडतोब खाली न्यावे. जवळ औषध व प्राणवायू असल्यास द्यावा, परंतु त्यासाठी उतरणे लांबवू नये.

शाळा व पंचायतींचे कार्य

दार्जिलिंगची हिमालय पर्वतारोहण संस्था १९५४ मध्ये, तर उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. तेथील प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय कोणाही तरुणास मोठ्या मोहिमेस पाठवू नये. निवड करताना शिक्षकांनी केवळ शर्यतीतील पहिला क्रमांक पाहू नये. आपल्याला त्रास होत आहे हे न लपविता सांगणारा, सहकाऱ्यासाठी थांबणारा आणि सांगितले असता परत फिरणारा विद्यार्थी अधिक योग्य होय. मोहिमेस अर्थसाहाय्य करणाऱ्या पंचायतींनीही शिखर गाठण्याची अट घालू नये. माथ्याजवळून सुखरूप परतलेल्या मुलाचा सत्कार गावाने तितक्याच आनंदाने केला, तर पुढच्या मुलाला वेळीच मागे फिरण्याचे धैर्य येईल.