सुट्टीतील धंदा आणि त्याची वही

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा संपते आणि जूनच्या मध्यास शाळा पुन्हा भरते. विदर्भात ती आणखी काही दिवसांनी भरते. मधल्या ह्या आठवड्यांत काय करावे, हा प्रश्न सुखवस्तू घरात करमणुकीचा असतो. हातावर पोट असलेल्या घरात मात्र तो वह्यांचा, गणवेशाचा व तालुक्याच्या गावी जाण्यायेण्याच्या खर्चाचा असतो. म्हणून पुष्कळ मुले मजुरीस जातात. मजुरीत कमीपणा मुळीच नाही. परंतु तिचा हिशेब मालकाच्या वहीत राहतो. आपल्या गावातील विद्यार्थ्याने स्वतःची वही घालून लहानसा धंदा करावयाचा ठरविले, तर त्याला कोणकोणत्या गोष्टी शिकाव्या लागतील, ह्याचा आपण येथे विचार करू.

शिकत असताना कमावणे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९४७ साली साताऱ्यास निघालेल्या तिच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ हे तत्त्व अमलात आले. तेथे श्रम विद्यार्थ्याचे असले तरी काम नेमून देणारी संस्था होती. स्वतःच्या धंद्यात काय करावे, किती करावे व कोणत्या भावाने विकावे, हे सारे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. आणि तोटा आला तर तोही त्याच्याच पदरी पडतो.

धंदा निवडताना प्रथम घराभोवती पाहावे. नगर-बीडकडे चिंच फोडून, चिंचोके काढून विकता येते. कोकणात फणसाचे पापड, करवंदे, जांभळे आणि कोकम आहेत. आपण कोकमाचेच उदाहरण घेऊ, कारण त्यात कष्ट, ऊन व वेळ ह्या तिघांचीही गाठ पडते.

पिकलेले कोकम फोडून बी व गर वेगळा करतात. साली मिठाच्या रसात पुनःपुन्हा बुडवून उन्हात वाळविल्या की आमसुले होतात. त्याच साली व साखर यांचे थर बरणीत भरून काही दिवस उन्हात ठेवल्या की सरबताचा पाक सुटतो. बियांपासून तेल निघते, तेव्हा त्याही फेकावयाच्या नसतात. मात्र फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि जूनच्या आरंभी पाऊस येतो. वळवाची एक सर आली तरी वाळवण बिघडते. म्हणून ‘सुट्टी लागू दे, मग बघू’ असे म्हणणाऱ्याचा हंगाम हुकलाच असे समजावे.

आता वही उघडू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत; आपल्या गावचे भाव आपण घालावेत. समजा, दोघा मित्रांनी ३० रुपये दराने १० किलो फळे घेतली : ३०० रुपये. साखर १० किलो, ४५ रुपये दराने : ४५०. लहान बाटल्या २०, प्रत्येकी १२ रुपये : २४०. एस. टी.चे भाडे १२०, किरकोळ १०. एकूण १,१२० रुपये, म्हणजे बाटलीमागे ५६. बाटली ८० रुपयांस विकली तर १,६०० रुपये येतील व ४८० सुटतील, असे मुले आनंदाने सांगतात. परंतु एक बाटली आंबते, दोन पाहुण्यांना दिल्या जातात. उरलेल्या १७ बाटल्यांचे १,३६० रुपये येतात आणि नफा २४०वर उतरतो. दोघांनी सहा-सहा दिवस काम केले असेल, तर रोजचे प्रत्येकी २० रुपये पडले! एवढ्यासाठी कोणी मजुरीसही जाणार नाही.

ह्यावरून धंदा करू नये असे नव्हे. वही नसती तर हे कळलेच नसते, एवढेच. आता सुधारणा सुचू लागतात. पाक काढल्यावर उरलेल्या गोड साली वाळवून विकता येतील, बियांचे पैसे करता येतील, एका फेरीत अधिक माल नेता येईल. फळे घरच्या झाडाची असली तरी ती वहीत फुकट मांडू नयेत. बाजारात त्यांचे जे आले असते तो खर्चच आहे. झाड दुसऱ्याचे असेल, तर फळाला हात लावण्यापूर्वी मालकाशी भाव किंवा वाटा ठरवावा.

वाट्याविषयी आणखी थोडे. पापड लाटणे, साली वाळविणे ही कामे बहुधा बहीण करते, सायकलवर माल घालून बाजारात भाऊ जातो, आणि पैसे त्याच्याच खिशात राहतात. वहीत तिच्या कामाचे दिवसही लिहिलेले असले पाहिजेत. दहा वर्षांवरील मुलामुलींना बँकेतील बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ साली बँकांना दिली. तेव्हा तिच्या नावाचे खाते काढणे शक्य आहे.

कायद्याच्याही काही गोष्टी ठाऊक असाव्यात. २०१६च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवता येत नाही. सुट्टीत घरच्या निर्धोक कामास त्याने मदत करण्यास मात्र हरकत नाही. खाद्यपदार्थ विकावयाचे तर लहान विक्रेत्यालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती घरातील वडीलधाऱ्याच्या नावे करावी. १८ वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार १८७२च्या कायद्यानुसार तिला बांधून ठेवू शकत नाही. शहाणा वाणी हे जाणतो, म्हणून मुलाला उधार देताना तो त्याच्या बापाकडे पाहतो. साखर उधार आणली तर धंदा मुलाचा असला तरी कर्ज घराचे होते. पहिल्या वर्षी रोखीने जेवढी साखर मिळेल तेवढाच माल करावा हे बरे.

विक्रीची उधारी ह्याहून अवघड. खेड्यात गिऱ्हाईक म्हणजे काका, मावशी, शिक्षक किंवा मंडळीतील कोणी वडीलधारे. त्यांच्याकडे पैसे मागावयास मूल लाजते. मोठ्यांनी दोन बाटल्या घेऊन ‘देतो रे पुढच्या रविवारी’ म्हणावे आणि विसरून जावे, ह्याला कौतुक म्हणत नाहीत. वर मांडलेल्या हिशेबात दोन बाटल्यांचे १६० रुपये बुडाले, तर दोघांच्या बारा दिवसांच्या श्रमाचे ८० रुपये उरतात.