स्वतःचा नेक्स्टक्लाउड: महिन्याला खरा खर्च किती?

गुगल ड्राइव्ह सोडून स्वतःचा नेक्स्टक्लाउड चालवायचा तर सुरुवातीला दिसणारा आकडा असतो महिना १२ डॉलर. आकडा खरा, पण अर्धवट.

डिजिटलओशनच्या बंगळूर केंद्रातला २ जीबी रॅम आणि ५० जीबी डिस्कचा सर्व्हर या दरात मिळतो. घरच्या चार-पाच जणांच्या फायली, कॅलेंडर, संपर्क एवढ्याला तो पुरतो. टेराफॉर्म सर्व्हर उभा करते, अॅन्सिबल त्यावर डॉकर आणि डेटाबेस बसवते. दोन्हींना पैसे पडत नाहीत. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्रही फुकट. डोमेन घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी बघा.

फोटो चढवायला लागलात की ५० जीबी संपतात. १०० जीबीचा जास्तीचा व्हॉल्यूम जोडला की १० डॉलर वाढले. आठवड्याचा बॅकअप सर्व्हरच्या भाड्याच्या २० टक्के, म्हणजे २.४० डॉलर. खरी गोम इथे आहे: या बॅकअपमध्ये जोडलेला व्हॉल्यूम येतच नाही. जी प्रणाली स्क्रिप्ट पुन्हा उभी करू शकते, तिच्या प्रतीसाठी तुम्ही पैसे भरता आणि मुलीच्या बारशाचे फोटो मात्र बाहेरच राहतात. म्हणून डिजिटलओशनचीच स्पेसेस ही वेगळी साठवण सेवा ५ डॉलरला घ्या (२५० जीबी), तेही बंगळूरऐवजी सिंगापूरला, आणि रोज रात्री रेस्टिक या बॅकअप साधनाने फायली व डेटाबेसची प्रत तिकडे पाठवा. ती एकदा परत उतरवून बघितल्याशिवाय बॅकअप आहे असे धरू नका.

डोमेन सोडून बेरीज २९.४० डॉलर. जीएसटी क्रमांक दिला नसेल तर वर १८ टक्के कर, म्हणजे ३४.६९. डॉलर ९० रुपये धरला तर महिना सुमारे ३,१२० रुपये, शिवाय कार्डाचे परकीय चलन शुल्क. गुगल वनचे १०० जीबी महिना १३० रुपयांना मिळतात. तेव्हा बचतीसाठी या वाटेला जाऊ नका. फायली आपल्या ताब्यात हव्यात, किंवा माणशी शुल्क न भरता कार्यालयातल्या सगळ्यांना खाती द्यायची आहेत, तरच हा खर्च परवडतो. ऑनलाइन दस्तऐवज संपादनही हवे असेल तर ४ जीबीचा, २४ डॉलरचा सर्व्हर धरा.

‘सध्या वापरत नाही, बंद करून ठेवतो’ याने बिल थांबत नाही. बंद सर्व्हरचेही पूर्ण भाडे लागते. टेराफॉर्म डिस्ट्रॉय चालवले तरी टेराफॉर्मने स्वतः उभे केलेलेच जाते. तुम्ही हाताने काढलेले स्नॅपशॉट तसेच राहतात आणि दर जीबीला महिना ६ सेंट खातात. मात्र व्हॉल्यूम स्क्रिप्टमध्ये असेल तर फोटोंसकट तोही पुसला जाईल.

नेक्स्टक्लाउडची मुख्य आवृत्ती एकेक पायरीनेच वाढवता येते. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये ‘लेटेस्ट’ न लिहिता आवृत्तीचा नेमका क्रमांक लिहा. वर्षातून काही संध्याकाळी या कामासाठी राखून ठेवाव्या लागतील. त्यांचे मोल ज्याने त्याने लावावे.

आणि खाते उघडाल त्याच दिवशी बिलाचा इशारा लावा. मर्यादा ओलांडली की तो फक्त ईमेल पाठवतो, सर्व्हर थांबवत नाही.