गिधाडं परत येताहेत, आपण तयार आहोत का?

मित्रांनो, मेसमध्ये कुणी ताटावर तुटून पडला की आपण त्याला ‘गिधाड’ म्हणतो. पण खरं गिधाड किती जणांनी पाहिलंय? मीही नाही. माझं गाव बुलडाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आजोबा सांगतात, गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की बघता बघता गिधाडं उतरायची. आता तिथे फक्त कुत्री दिसतात.

गिधाडं गेली कशी? डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे. ते टोचलेलं जनावर लवकरच मेलं, तर औषध मांसात शिल्लक राहतं. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं, यूरिक आम्ल अवयवांवर साचतं आणि पक्षी मरतो. हे कारण २००४ मध्ये जगापुढे आलं.

आता थोडं गणित. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली लांब चोचीची गिधाडं सुमारे ९७ टक्के घटली. कॅल्क्युलेटरवर ०.८ चा पंधरावा घात काढा. उत्तर येतं ०.०३५. म्हणजे दर वर्षी पाचातलं एक गेलं, तरी शंभरातली तीन-चारच उरतात! भरून यायला मात्र वेळ लागतो. जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात.

२००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये बाटली ३ मिलीची केली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली.

आता चांगली बातमी. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच आणि ताडोबात आणली, २०२५ मध्ये मेळघाटात. आमचं अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. गिधाडाला जिल्ह्याची हद्द कोण दाखवणार? ते आमच्या शिवारात उतरणारच. प्रश्न एवढाच, की खाली पडलेलं ढोर कसलं असेल?

दिवाळीच्या सुट्टीत आमचा बैल तापला. बाबांनी कुणाकडून तरी माणसांचं इंजेक्शन आणलं होतं. मी अडवलं, तर भडकले, “तुह्या गिधाडापाई माहा बैल मारू काय?” त्यांचंही चूक नव्हतं. पेरणी तोंडावर होती, आणि बैल म्हणजे घरातला माणूस. शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मेलॉक्सिकॅम दिलं. ते जनावराला लागू पडतं आणि गिधाडालाही चालतं. बैल उठला. बाबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांना त्याच औषधाचं नाव सांगत होते.

मित्रांनो, आपल्यातले निम्मे शेतकऱ्यांची पोरं. पिंजरे बांधणं, पक्षी सोडणं हे वनखात्याचं काम. गोठ्यातली बाटली वाचून बघणं मात्र आपलं. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की एवढं कराच. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, विजेच्या तारांनीही मोठे पक्षी मरतात, तेव्हा प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर हा घ्या!