पहिला खण शून्याचा

नागपुरात सीताबर्डीजवळ झिरो माइलचा दगडी खांब आहे. तेथे निरनिराळ्या गावांची अंतरे कोरलेली आहेत. खांबापाशीच उभे राहिल्यास खांबापासूनचे आपले अंतर किती? अर्थातच शून्य! ही साधी गोष्ट विसरल्यामुळे आमच्या प्रयोगशाळेतील एक प्रयोग फसला.

एका विद्यार्थ्याने आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर पाटीला एलएम-३५ हा तापमान मोजणारा संवेदक जोडला. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की याचा विद्युतदाब १० मिलिव्होल्टने वाढतो. मे महिन्यात गच्चीवरील सावलीत सकाळी ११ ते सायंकाळी ५ पर्यंत दर तासाला नोंद घ्यायची होती. तास ६, पण नोंदी ७. बोटांवर मोजून पाहा!

नोंदी आल्या त्या अशा: ४०, ४२, ४३, ४५, ४५, ४४, ४२. बेरीज ३०१, म्हणून सरासरी ४३. यंत्राने मात्र ३७ दाखविली! भर मे महिन्यात नागपूरची दुपार ३७ अंशांची? कोणी विश्वास ठेवील काय?

आता चूक शोधू. एकाच प्रकारच्या अनेक संख्या एका नावाखाली ओळीने ठेवण्याच्या जागेला ‘अ‍ॅरे’ म्हणतात. येथे ‘तापमान’ नावाचे ७ खण होते. या पाटीवर साध्या पूर्णांकाला २ बाइट जागा लागते. समजा, पहिला खण स्मृतीतील ५०० क्रमांकाच्या जागेपासून सुरू होतो. मग पुढचे खण ५०२, ५०४ असे येतात आणि सातवा ५१२ वर. खणाचा पत्ता काढताना यंत्र ५०० मध्ये ‘२ गुणिले खणक्रमांक’ मिळविते. म्हणजे खणक्रमांक हे आरंभापासूनचे अंतर होय. म्हणून पहिल्या खणाचा क्रमांक ०, तर सातव्याचा ६.

एकच काम पुनःपुन्हा करविणाऱ्या आज्ञेला ‘लूप’ म्हणजे चक्र म्हणतात. नोंदी भरताना खणक्रमांक बरोबर ० ते ६ होते. परंतु बेरजेचे चक्र १ ते ७ फिरले. त्यामुळे पहिली नोंद, ४०, सुटली. ७ क्रमांकाचा खण तर नव्हताच! यंत्राने ५१४ वरची, शेजाऱ्याची संख्या उचलली. ती शून्य होती. २६१ भागिले ७, अपूर्णांक सोडून ३७.

विद्यार्थ्याने मग भरण्याचे चक्रही १ ते ७ केले. सरासरी ४३ आली, तो खूश झाला! परंतु यावेळी चूक अधिक घातक होती. नव्या मांडणीत शेजारच्या जागेत धोक्याची घंटी वाजविण्याची मर्यादा, ४०, ठेवलेली होती. तिच्यावर शेवटची नोंद, ४२, लिहिली गेली. दुसऱ्या दिवशी तापमान ४१ झाले, तरी घंटी गप्प! सी-भाषेत खणांची हद्द तपासण्याचे काम यंत्र करीत नाही, ते आपलेच. उत्तर बरोबर आले म्हणजे आज्ञावली बरोबर, असे नव्हे.

योग्य आज्ञा अशी (समजण्यासाठी देवनागरीत):

संख्या = ७
क्र = ०
जोपर्यंत क्र < संख्या:
  बेरीज = बेरीज + तापमान[क्र]
  क्र = क्र + १

दोन नियम लक्षात ठेवा. आरंभ शून्यापासून करा आणि ‘पेक्षा लहान’ हेच चिन्ह वापरा. ‘लहान किंवा समान’ नको. तसेच खणांची संख्या एकाच जागी लिहा. उद्या ७ च्या २४ नोंदी केल्या तर तेवढाच एक आकडा बदलावा लागेल.

शिक्षकांनी फळ्यावर सात चौकोन काढून एका विद्यार्थ्याला ‘क्र’ करावे आणि चौकोनांवरून चालवावे. हद्द कोठे संपते ते सर्वांना दिसेल.

आता तुम्ही सोडवा: २४ खणांत दिवसभराच्या नोंदी आहेत. लागोपाठच्या दोन नोंदींतील फरक काढण्यासाठी तापमान[क्र+१] मधून तापमान[क्र] वजा करायचे. चक्र कोठे थांबवाल?

(उत्तर: क्र < २३. नोंदी २४, पण फरक २३च!)