स्क्रीन न बघता प्रोग्रॅमिंग : आपलं सॉफ्टवेअर ऐकू येतं का?

प्रोग्रॅम लिहायला काय काय लागतं? कॉम्प्युटर, कंपायलर, थोडी बुद्धी आणि डोक्यावर सबमिशनची तारीख! या यादीत 'डोळे' आपण लिहीत नाही, पण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कितीतरी दृष्टिहीन माणसं आज प्रोग्रॅमिंग हाच व्यवसाय करतात. कोड ती कानाने वाचतात. त्यासाठी वापरतात तो 'स्क्रीन रीडर', म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे त्यांची वर्षानुवर्षे एकच मागणी आहे : तुमचा प्रोग्रॅम आमच्या स्क्रीन रीडरशी बोलू द्या. ही मागणी नेमकी काय आहे आणि ती आपल्याशी कशी संबंधित आहे, ते पाहू.

स्क्रीन रीडर चालतो कसा?

डॉसच्या काळात पडदा म्हणजे ८० कॉलम आणि २५ ओळींचा मजकूर. स्क्रीन रीडर ती अक्षरं थेट व्हिडिओ मेमरीतून उचलायचा आणि बोलायचा. विंडोज आलं आणि पडद्यावर उरले नुसते रंगीत ठिपके. कुठला ठिपका बटनाचा आणि कुठला शोभेचा, हे कळणार कसं? मग असा विचार पुढे आला की चित्रावरून अंदाज बांधण्यापेक्षा प्रोग्रॅमलाच विचारावं. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने यासाठी 'अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅक्सेसिबिलिटी' ही व्यवस्था आणली.

हा प्रकार आपल्या व्हायवासारखाच असतो. पडद्यावरच्या प्रत्येक घटकाला स्क्रीन रीडर तीन प्रश्न विचारतो. तुझं नाव काय? तू कोण : बटन, चेकबॉक्स की यादी? तुझी अवस्था काय : टिक आहे की नाही? प्रोग्रॅमने उत्तरं दिली तर कानावर पडतं, "सेव्ह, बटन". नाही दिली तर, "बटन… बटन… बटन". त्यातलं कुठलं दाबायचं? ऑफिसने नवीन सॉफ्टवेअर आणलं आणि त्यातलं एकच महत्त्वाचं बटन असं मुकं निघालं, की चांगला प्रोग्रॅमरसुद्धा तिथेच अडतो. त्याची बुद्धी कमी पडलेली नसते, आपलं एक लेबल कमी पडलेलं असतं.

पुण्याचे रामन

या विषयातलं एक मोठं नाव आपल्या महाराष्ट्रातलं आहे. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. चौदाव्या वर्षी काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या वाडिया कॉलेजातून गणिताची पदवी, मग आयआयटी मुंबई आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ. १९९४ मध्ये त्यांनी पीएच.डी.साठी 'अ‍ॅस्टर' ही प्रणाली तयार केली. तिच्यामुळे गणिती समीकरणं रचनेसह ऐकता येऊ लागली.

१९९५ मध्ये त्यांनी 'ईमॅक्सपीक' प्रसिद्ध केलं. त्यामागचा विचार आपण नीट समजून घ्यावा असा आहे. समजा, पडद्यावर कॅलेंडर आहे. साधा स्क्रीन रीडर ओळ वाचणार : "बारा, तेरा, चौदा, पंधरा". यातून वार कळतो का? महिना कळतो का? ईमॅक्सपीक पडदा वाचतच नाही. ते कॅलेंडरच्या प्रोग्रॅमकडूनच माहिती घेतं आणि वार, तारीख, महिना असं पूर्ण सांगतं. कोड वाचतानाही कॉमेंटसाठी वेगळा आवाज, कीवर्डसाठी वेगळा! आपल्याला जे रंगांनी दिसतं, ते त्यांना आवाजाने कळतं. माहिती प्रोग्रॅमकडे आधीपासून असतेच, ती फक्त पुढे पोचवायची असते. दृष्टिहीन प्रोग्रॅमर मागतात ते एवढंच.

प्रोग्रॅमरच्या खास अडचणी

पायथॉनमध्ये इंडेंटेशन चुकलं की सगळंच चुकलं. पण ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा ऐकू कशी येणार? 'एनव्हीडीए' या स्क्रीन रीडरमध्ये ती शब्दांनी किंवा सुरांनी सांगायची सोय आहे. हा स्क्रीन रीडर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केला, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही दृष्टिहीन. सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मुख्यतः पायथॉनमध्येच लिहिलेलं आहे.

तीच गोष्ट एररची. लाल नागमोडी रेघ डोळ्यांना दिसते, कानाला नाही. ब्रेकपॉइंटचा लाल ठिपकाही तसाच. २०१५ मध्ये आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये आता एररच्या ओळीवर आवाजाची खूण ऐकू येते. म्हणजे मनावर घेतलं तर हे जमतं!

आणि आपली मराठी?

मराठीत आणखी एक गोची आहे. डीटीपीचे जुने फाँट युनिकोड नाहीत. त्यात पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलमध्ये भलतंच इंग्रजी चिन्ह असतं. डोळ्यांना सुंदर मराठी, कानाला निव्वळ गोंधळ! मजकूर युनिकोडमध्ये असेल तर स्क्रीन रीडर मराठी वाचतो.

दुसरी अडचण चित्रांची. आमच्या मसुऱ्याचंच उदाहरण घ्या. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते, दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरवतात. ती कळली की मुंबईच्या चाकरमान्यांची तिकिटांसाठी धावपळ. तीच तारीख नुसत्या रंगीत चित्रात घालून पाठवली, तर स्क्रीन रीडर पुष्कळदा "इमेज" एवढंच म्हणून गप्प बसतो. खाली एक ओळ टाइप केली की काम झालं. वर्गाच्या ग्रुपवर येणारे नोट्सचे फोटो आणि स्कॅन केलेल्या असाइनमेंट यांनाही हेच लागू. (सरांनी आणि मॅडमनी कृपया राग मानू नये!)

हा उपकार नव्हे

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात माहिती तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावं अशी तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. तिथे प्रश्न होता केवायसीचा. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, असं सांगणारं सॉफ्टवेअर दृष्टिहीनाने वापरायचं कसं? ते लिहिणारा कोणीतरी आपल्यासारखाच इंजिनिअर असणार.

या रविवारी करून बघा

१. एनव्हीडीए उतरवून घ्या. हेडफोन लावा, नाहीतर रूममेट खोलीबाहेर काढेल.
२. माउस काढा, मॉनिटर बंद करा आणि आपला प्रोजेक्ट फक्त टॅब आणि एंटरने चालवा.
३. जिथे अडाल ती जागा लिहून ठेवा.
४. वेबपेजवर क्लिक लावलेला डिव्ह असेल, तर खरा बटन टॅग वापरा. प्रत्येक इनपुटला लेबल द्या, चित्राला पर्यायी मजकूर द्या.
५. अँड्रॉइडमध्ये चित्रबटनाला 'कंटेंट डिस्क्रिप्शन' लिहा. मग टॉकबॅक सुरू करून ऐका.
६. एरर नुसत्या लाल रंगाने दाखवू नका, शब्दांत सांगा.

यातलं बरंचसं काम दोन-चार ओळींचं आहे, पण ते सुरुवातीलाच करावं. घर बांधून झाल्यावर भिंतीतून वायरिंग न्यायचं म्हटलं तर किती फोडाफोड होते, ते सिव्हिलच्या मित्रांना विचारा! प्रोजेक्टच्या मूल्यमापनात या चाचणीला थोडे गुण ठेवावेत, अशी शिक्षकांना विनंती. गुण असले की आपण सगळेच करतो, हे काय वेगळं सांगायला हवं?