तगरनगरीच्या भेटीची तयारी

धाराशिव शहराच्या ईशान्येस वीस-पंचवीस किलोमीटरांवर तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या ठिकाणी तगर नावाचे मोठे व्यापारी नगर नांदत होते. जिल्ह्यातील शाळांच्या सहली तेथे जातात आणि पुष्कळदा थोड्याशा निराशेने परतही येतात. नळदुर्गला गेलेल्या मुलाला तट दिसतो, परंड्याला गेलेल्याला बुरूज दिसतात. किल्ला स्वतःच पाहणाऱ्याशी बोलू लागतो. तेरचे तसे नाही. येथे राजवाडा नाही, वेस नाही, तोफही नाही. गावाच्या आसपास काही टेकाडे आहेत, त्यांच्यावर बाभळी उगवल्या आहेत, आणि पायांखाली खापरांचे तुकडे कुरकुरतात. ज्याला आधी काही ठाऊक नाही, त्याला ही टेकाडे म्हणजे टेकाडेच वाटतात. म्हणून या गावाच्या भेटीची तयारी मोटारीत बसण्यापूर्वी, वर्गातच सुरू करावी लागते.

प्रथम काळ निवडावा. धाराशिव जिल्ह्याचा मुलूख अवर्षणाचा आहे. पश्चिमेकडून येणारे पावसाळी ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि इकडे त्यांचा उरलासुरला वाटा येतो. चैत्र-वैशाखात ऊन असे तापते, की उघड्या टेकाडावर तासभर उभे राहणेही कठीण. भर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायांना धरून ठेवतो. दिवाळी उलटून गेल्यानंतरचे दिवस मात्र उत्तम. शाळू उभा असतो, हवा कोरडी व सुखाची असते आणि गवत वाळू लागल्यामुळे टेकाडांचा आकार स्पष्ट दिसतो. कोणताही ऋतू असो, प्रत्येकाने पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे.

दुसरी तयारी नकाशाची. भारताच्या नकाशावर तीन गावे शोधावीत : गुजरातेतील भडोच, गोदाकाठचे पैठण आणि तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका अज्ञात व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. भडोच बंदराचे वर्णन करताना तो दक्षिणेकडील दोन बाजारपेठांचा उल्लेख करतो. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून अकीकासारखे खडे येत. तगरहून साधे कापड, नाना तऱ्हेची तलम वस्त्रे, तसेच समुद्रकाठच्या मुलखातून तेथे आलेला माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून, भडोचला नेला जाई.

आता विद्यार्थ्यांनी पट्टी घ्यावी. भडोच ते पैठण हे अंतर नकाशावर सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर भरते. वीस दिवसांनी भागले, तर दिवसाला साडेसतरा किलोमीटर येतात. पैठण ते तेर हे अंतर सुमारे १५० किलोमीटर. त्याला दहाने भागले, तर दिवसाला पंधरा किलोमीटर. प्रत्यक्ष वाट वळणावळणाची असल्याने बैलांना याहून अधिकच चालावे लागले असणार. परंतु दोन्ही टप्प्यांवरील गाड्यांची चाल जवळजवळ सारखी निघते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दिशेत मात्र थोडे अंतर पडते. तेर हे पैठणच्या थेट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. बंदरावर बसून ऐकीव माहिती टिपणाऱ्याकडून एवढे चालावयाचेच.

हे गणित केवळ मुलांच्या करमणुकीचे नव्हे. तगर नेमके कोठे होते, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ वाद होता. कोणी जुन्नरकडे बोट दाखवी, कोणी दौलताबादकडे, तर कोणी धारूरकडे. १९०१ साली जॉन फेथफुल फ्लीट या अभ्यासकाने तगर म्हणजेच तेर, असे साधार प्रतिपादन केले आणि पुढे ते सर्वमान्य झाले. या नगराचे नाव इतरत्रही जपले गेले होते. इ. स. ६१२ च्या एका चालुक्य ताम्रपटात तगरच्या रहिवाशाला दान दिल्याचा उल्लेख आहे, आणि कोकण व कोल्हापूर येथे राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या बिरुदांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. नगराचे वैभव ओसरले तरी त्याच्या नावाचा दिमाख दूरच्या राजसभांतून मिरवत राहिला होता, आणि खुद्द गावाची ओळख मात्र पुसट झाली होती.

एवढे मोठे नगर गेले कोठे, हा प्रश्न येथे कोणीतरी विचारीलच. त्याचे उत्तर मराठवाड्यातील प्रत्येक खेड्याला ठाऊक असलेल्या दोन शब्दांत आहे : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. माणसे एकाच जागी शेकडो वर्षे राहिली, की मातीच्या भिंती पडतात, त्यांच्यावर नव्या उभ्या राहतात, चुलीतली राख, जनावरांचे शेण, फुटकी मडकी, हाडे सारे काही थरावर थर साचते, आणि त्याची पांढुरकी भुसभुशीत माती होते. तेरची टेकाडे अशाच पांढरीची आहेत. नगर कोठे गेलेले नाही. ते उभे असण्याऐवजी आडवे पडले आहे, इतकेच.

परंतु या पांढरीला एक मोठा धोका आहे, आणि तो कोणा शत्रूपासून नाही. पांढरीची माती पिकाला मानवते, म्हणून ठिकठिकाणचे शेतकरी ती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेत आले. माळवदाच्या घरांवर पाऊस थोपविण्यासाठी हीच माती पसरीत. जुन्या विटा आयत्या मिळाल्या, तर नव्या भिंतीत त्या बसविणे कोणाला गैर वाटत नसे. यात लबाडी नव्हती. गरज होती, आणि वस्तूची पारख नव्हती. परिणाम मात्र असा होतो, की मातीबरोबर मणी, नाणी, मृण्मूर्ती हलतात आणि कोणती वस्तू कोणत्या थरात होती हे कायमचे नाहीसे होते. मणी राहिला तरी त्याचे वय हरवते. पुस्तकाची पाने फाडून वाऱ्यावर उधळली, तर अक्षरे शाबूत असूनही गोष्ट वाचता येत नाही, तसेच हे आहे.

मातीच्या नगरांची ही कथा जगात इतरत्रही आढळते. उत्तर मेक्सिकोतील चिवावा प्रांतात, वाळवंटी मुलखात, पाकिमे नावाचे प्राचीन नगर आहे. तेथील अनेक मजली घरे निव्वळ मातीची होती. घरांतून पाणी खेळविण्यासाठी पाट काढलेले होते. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असूनही तेथे शंखशिंपल्यांचे लक्षावधी नग सापडले, कारण तेही तगरसारखेच व्यापारी नगर होते. योगायोग असा, की तेथील मोठे उत्खनन १९५८ साली सुरू झाले, आणि तेर येथे चापेकर यांनी उत्खनन केले तेही १९५८ सालीच. पाकिमेच्या उघड्या पडलेल्या भिंती वारा-पावसाने झिजतात, त्यामुळे त्यांना संरक्षक लेप द्यावे लागतात. १९९८ साली त्या नगराचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. तेथे अवशेषांच्या शेजारीच संग्रहालय उभारले आहे. आधी वस्तू पाहाव्यात, मग भिंतींतून हिंडावे, म्हणजे रिकाम्या खोल्यांत माणसे दिसू लागतात.

तेरलाही हाच क्रम ठेवावा. गावात शिरताच टेकाडांकडे धाव न घेता प्रथम रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहावे. ते कोणत्या वारी बंद असते, छायाचित्रे घेता येतात की नाही, एका वेळी किती मुलांना आत सोडतात, हे पत्र लिहून आधीच विचारून घ्यावे. हे पत्र गुरुजींनी न लिहिता वर्गानेच लिहावे, म्हणजे कार्यालयीन पत्राचा धडाही त्यात होऊन जाईल. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच रहिवासी. गावकरी ज्यांना खडे आणि खापऱ्या समजून टाकून देत, त्या वस्तू त्यांनी चिकाटीने जमविल्या. पाहता पाहता हजारो वस्तूंचा संग्रह झाला आणि तो पुढे शासनाच्या स्वाधीन झाला. त्यांनी हे काम केले नसते, तर तेरच्या कितीतरी वस्तू एकतर मातीत गेल्या असत्या, नाहीतर दूरदेशी विकल्या गेल्या असत्या.

या संग्रहालयात सातवाहनांची नाणी आहेत, नाना रंगांचे मणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, मातीच्या सुबक मूर्ती व दिवे आहेत. पण एका वस्तूपुढे वर्गाने अधिक वेळ थांबावे. ती म्हणजे हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती. इटलीत व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकाने इ. स. ७९ मध्ये पाँपेई हे नगर राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथील एका घराच्या अवशेषांत हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची मूर्ती आणि ती मूर्ती यांच्या घडणीत विलक्षण साम्य आहे. पाँपेईची मूर्ती तेरलाच घडली असे त्यावरून ठामपणे म्हणता येणार नाही. तथापि, तगरचे कारागीर आणि रोमन श्रीमंतांची दालने ही एकाच व्यापारी वाटेची दोन टोके होती, हे त्या दोन मूर्तींवरून डोळ्यांसमोर उभे राहते. 'पेरिप्लस'मधील दहा दिवसांची वाट येथे संपत नाही. ती भडोचहून जहाजात चढते.

संग्रहालयानंतर मंदिरे पाहावीत. त्रिविक्रमाचे मंदिर बाहेरून पाहताना मागील बाजूस अवश्य जावे, कारण त्याचे मर्म तेथेच आहे. मागची भिंत अर्धवर्तुळाकार आहे आणि छप्पर हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार. अशी घडण लेण्यांतील बौद्ध चैत्यगृहांची असते. विटांनी बांधलेले हे चैत्यगृहच पुढे विष्णुमंदिर झाले, असे अभ्यासक मानतात. लेण्यांतील चैत्य डोंगरात कोरलेले असल्याने टिकले. मोकळ्या जागी विटांत बांधलेले आणि अद्याप उभे असलेले उदाहरण भारतात फार विरळा. आत त्रिविक्रमाची भव्य मूर्ती आहे आणि तिची पूजा आजही चालते. तेव्हा पादत्राणे बाहेर काढून, हलक्या आवाजात बोलत आत जावे. उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचेच. त्याची कोरीव लाकडी चौकट संग्रहालयात ठेवलेली आहे. ती आधी पाहिलेली असली, म्हणजे मंदिरासमोर उभे राहून तिची जागा मनाने भरून काढता येते.

तेर म्हटले, की महाराष्ट्रातील बहुतेकांना तगर आठवत नाही, गोरोबाकाका आठवतात. संत गोरा कुंभार याच गावचे. तेरणेच्या काठी त्यांचे समाधिमंदिर आहे. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली असता त्यांनी हातातील थापटण्याने एकेकाचे मस्तक थोपटून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा मुलांना ठाऊक असतेच. खापरे तपासणारा संशोधकही काहीसे तेच करतो. तो तुकड्याचा रंग पाहतो, जाडी मोजतो, कड पाहून मडक्याच्या तोंडाचा घेर ताडतो, भाजणी कच्ची की पक्की ते ओळखतो. राजांची नावे पुसली गेली, कापड कुजून गेले, लाकूड जळाले. कुंभाराचे खापर मात्र मातीत जसेच्या तसे राहिले.

म्हणून टेकाडावर जाताना एक नियम वर्गाने आधीच ठरवून घ्यावा : एकही तुकडा उचलून घरी न्यावयाचा नाही. मोह होणारच. पावसाने धुऊन निघालेला तांबडा मणी पायांशी चमकला, तर तो खिशात टाकावा असे कोणालाही वाटते. परंतु चाळीस मुलांची एक सहल आणि अशा शंभर सहली, असा हिशेब केला, तर शेतात गेलेल्या गाडाभर मातीहून हे नुकसान कमी भरावयाचे नाही. खापरी दिसली, तर ती आहे त्याच जागी ठेवून तिचे चित्र वहीत काढावे, शेजारी पट्टी ठेवून लांबी-रुंदी मांडावी आणि टेकाडाच्या कोणत्या अंगास ती दिसली, ते लिहावे. मणी, नाणे किंवा मूर्तीचा तुकडा दिसला, तर त्याला हात न लावता संग्रहालयातील अधिकाऱ्यांना कळवावे.

कामे आधी वाटून दिली, तर दिवस सुरळीत जातो. दोघांनी नकाशा सांभाळावा, चौघांनी चित्रे काढावीत, काहींनी गावातील वृद्धांना भेटून जुन्या आठवणी लिहून घ्याव्यात. पांढरीची माती पूर्वी कोण कोठे नेई, घर बांधताना पायात काय निघे, याविषयी आजोबा-आजींना नम्रपणे विचारले, तर ते भरभरून सांगतात. दुपारच्या भाकरीनंतरचा वेळ याच कामासाठी ठेवावा. ऊन डोक्यावर असताना टेकाडावर जाण्यात शहाणपण नाही. तिरप्या उन्हात उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि जमिनीची घडण अधिक चांगली कळते.

धाराशिवला परतताना जवळच्या डोंगरातील लेणीही पाहू, असा आग्रह कोणीतरी धरील. ती लेणी पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही. कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांचे वर्णन आले आहे, ते याच लेण्यांचे असे अभ्यासक मानतात. परंतु तेरला खरोखरच टेकाडे, मंदिरे आणि संग्रहालय पाहिले, तर लेण्यांपाशी पोहोचेपर्यंत अंधार पडतो. लेण्यांसाठी दुसरा दिवस नेमावा, आणि त्या दिवसाचे पत्र, नकाशा व कामांची वाटणी पुन्हा नव्याने करावी.